डोंगरातल्या रायफलीसाठी अक्रोडाचा दस्ता करवून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे कोल्हापूरचे एक गृहस्थ काही वर्षांपासून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्थायिक आहेत. त्यांच्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची. तिला कारखान्याचा प्लास्टिकचा दस्ता, म्हणजे हातात धरून खांद्याला लावायचा भाग, आणि ५६ मिलिमीटर भिंगाची मोठी दुर्बीण बसवलेली आहे. त्यांची उंची १६४ सेंटिमीटर आहे. प्रत्येक बारानंतर त्यांच्या गालाचे हाड ठणकते, आणि गेल्या एप्रिलमध्ये चढावर वरच्या दिशेने हरणावर गोळी झाडताना दुर्बिणीची कड लागून त्यांची भुवई फाटली. आता त्यांना अक्रोडाचा दस्ता करवून घ्यायचा आहे. मापे कोणती द्यावीत, वडिलांनी गावी जपून ठेवलेल्या शिसवाच्या फळीचा दस्ता होईल का, आणि तरुणपणी कोल्हापुरात ५० मीटर रायफल नेमबाजी करताना वापरलेल्या रायफलीसारखी वर-खाली होणारी गालपट्टी इथेही का लावू नये, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी सुताराच्या घरातला आहे आणि जवळपास तीस वर्षे दक्षिण बेटावरच्याच कँटरबरी प्रांतात हेच काम करतो आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल. परिभाषेबद्दल आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शौकाची शिकार संपली, ते योग्यच झाले. पण त्यामुळे या कामाची मराठी शब्दसंपत्ती दस्ता, नळी, चाप आणि काडतूस यांच्यापुढे फारशी वाढली नाही. जिथे मराठी शब्द नाही तिथे मी कारागिरांच्या तोंडचाच शब्द वापरणार आहे.

सर्वांत आधी खर्च वाचवणारी गोष्ट सांगतो. आपल्या गालाचे दुखणे आणि भुवईची जखम ही दोन वेगळी दुखणी नाहीत. दस्त्याच्या ज्या वरच्या काठावर गाल टेकतो त्याला इंग्रजीवरून कोम म्हणतात. आपल्या रायफलीवर हा काठ खाली आहे आणि दुर्बीण फार वर आहे. ५६ मिलिमीटरचे भिंग नळीला लागू नये म्हणून दुर्बिणीच्या कड्या उंच घ्याव्या लागतात. ४२ मिलिमीटरच्या भिंगाच्या तुलनेत दुर्बिणीचा मध्य केवळ भूमितीनेच सात मिलिमीटर वर जातो. डोळा त्या उंचीवर न्यायचा तर गाल काठावरून उचलावा लागतो आणि डोके हनुवटीच्या आधाराने अधांतरी राहते. बार झाला की रायफल मागे येते, आणि मोकळ्या गालावर लाकूड किंवा प्लास्टिक येऊन आदळते. गाल आधीच घट्ट टेकलेला असेल तर तोच धक्का नुसता ढकलल्यासारखा वाटतो. दिवसाउजेडी हरणाच्या शिकारीला ५६ मिलिमीटरचे भिंग लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ४० किंवा ४२ मिलिमीटरची दुर्बीण जितक्या खाली बसेल तितक्या खाली बसवावी आणि मगच दस्त्याची मापे घ्यावीत. उलट क्रमाने केले तर आपण चुकीच्या दुर्बिणीसाठी महागडे लाकूड कोरून घेतलेले असेल.

धक्का किती असतो याचा ढोबळ हिशेब करून पाहा. ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने निघते आणि तिच्यामागून जवळपास तीन ग्रॅम दारूचा वायू त्याहूनही जोराने बाहेर पडतो. हे सगळे धरले तर साडेतीन किलोची रायफल सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात सुमारे २० ज्यूल ऊर्जा असते. रायफलीचे वजन अर्ध्या किलोने कमी केले तर हाच आकडा २४ च्या आसपास जातो. डोंगर चढणाऱ्याला हलकी रायफल हवी असते हे मला मान्य आहे, पण हलकेपणाची किंमत खांद्याला मोजावी लागते, आणि दस्त्याचे काम ती ऊर्जा घालवण्याचे नसून ती कुठे आणि कोणत्या दिशेने अंगावर येईल हे ठरवण्याचे आहे. दस्त्याची टाच, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या भागाचे वरचे टोक, नळीच्या रेषेपासून फार खाली असेल तर धक्का खांद्याच्या वरून जातो, नळीचे तोंड वर उसळते आणि तिच्याबरोबर गालाखालचा काठही वर येतो. जुन्या, उघड्या माशीच्या, म्हणजे दुर्बिणीविना नळीवरच्या खुणेनेच नेम धरायच्या रायफलींचे दस्ते असे उतरते असत, कारण तेव्हा डोळा नळीच्या जवळच ठेवायचा असे. दुर्बिणीच्या रायफलीला सरळ दस्ता लागतो. काठाचे पुढचे टोक नळीच्या मध्यरेषेखाली साधारण १३ ते १९ मिलिमीटर आणि टाच २० ते २५ मिलिमीटर, ही मी सुरुवातीची मापे धरतो. ज्याला अधिक उंच गाल हवा त्याच्यासाठी काठ मागून पुढे किंचित उतरता ठेवतो, म्हणजे रायफल मागे सरकताना लाकूड गालापासून दूर जाते.

काठ हवा तितका उंच मात्र करता येत नाही. बोल्ट मागे ओढला की तो काठाच्या वरूनच जातो, आणि साफसफाईसाठी पुरता काढायचा तर आणखी मागे यावा लागतो. काठाचे नाक, म्हणजे पुढचे टोक, उंच ठेवले तर बोल्ट त्याला अडतो. म्हणून कारागीर नाकाजवळ एक उथळ खोबण काढतो किंवा काठ तिथून थोडा मागे सुरू करतो. ही अडचण कागदावरच्या चित्रात दिसत नाही, आणि हौशी माणूस नेमका इथेच फसतो.

आता माप घेण्याची माझी पद्धत सांगतो. दस्त्याचे टोक कोपराच्या लवणीत ठेवून बोट चापापर्यंत पोहोचते का ते पाहण्याची जुनी चाल आहे. तिने फक्त हाताचे माप कळते. मान किती लांब आहे, छाती किती भरलेली आहे, अंगात किती कपडे आहेत, यांपैकी काहीच कळत नाही. मी गिऱ्हाइकाला त्याचे डोंगरातले जॅकेट, आतले लोकरीचे कपडे आणि भरलेली पाठपिशवी घेऊन बोलावतो. रायफल रिकामी आहे हे दोघांनीही पाहून घेतल्यावर बोल्ट काढून बाजूला ठेवतो. मग मी त्याला दहा-बारा उठाबशा काढायला लावतो. लोकांना हसू येते, पण दम लागलेला माणूस मान ताणून उभा राहत नाही, आणि डोंगरात तो दम लागलेलाच असणार. नंतर त्याने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सहज पडेल तिथे पडू द्यायचा आणि डोळे उघडायचे. दुर्बिणीचे वर्तुळ पूर्ण, कडेला काळी चंद्रकोर नसलेले दिसले तर दस्ता त्याचा आहे. खाली चंद्रकोर दिसली किंवा डोके उचलावे लागले, तर मी नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काठावर चिकटपट्टीने एकावर एक लावत जातो आणि प्रत्येक पट्टीनंतर तोच प्रयोग पुन्हा करतो. आपल्या बाबतीत माझा अंदाज आहे की दुर्बीण बदलल्यानंतरही आठ-दहा मिलिमीटर पुठ्ठा चढेल. हा प्रयोग आपण घरीही करू शकता, आणि पुठ्ठा लावलेली रायफल मैदानावर नेऊन वीसेक बार टाकून पाहिल्याशिवाय लाकूड विकत घेऊ नये, असे मी सुचवेन.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या लांबीचेही तसेच आहे. कारखान्याचे दस्ते बहुधा ३४३ ते ३४९ मिलिमीटर लांबीचे असतात. आपल्या उंचीला, जाड जॅकेटसह, मी ३३० पासून सुरुवात करेन. दस्ता लांब असला की तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, आणि मागे यायला त्याला आडकाठी उरत नाही. तो फारच आखूड असला तर चापावरच्या हाताचा अंगठा नाकाला भिडतो. नाक आणि अंगठ्याचे मूळ यांच्यात दोन बोटांचे अंतर राहावे, ही माझी साधी कसोटी आहे. दुर्बिणीपासून डोळ्याचे अंतर साधारण ९० मिलिमीटर असावे लागते, पण ते उभे राहून जुळवले तर पालथे झोपल्यावर किंवा वरच्या दिशेने नेम धरल्यावर डोके पुढे सरकते आणि तेच अंतर ६०-६५ वर येते. आपली भुवई अशीच फाटली. म्हणून दुर्बीण पुढे-मागे सरकवून पक्की करताना चढावर पालथे झोपूनच ती जुळवावी. मूळचा हिमालयातला आणि १९०४ मध्ये इंग्लंडहून इथे आणून सोडलेला थार, म्हणजे रानबकऱ्यासारखा प्राणी, पुढे कधी आपल्या मनात असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्याच्या कड्यांवर सपाट जागी उभे राहून नेम धरण्याची संधी क्वचितच मिळते.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी दस्त्याचे टोक पाच-सहा मिलिमीटर उजवीकडे झुकलेले ठेवावे, आणि खालचे टोक त्याहून थोडे जास्त, कारण छातीचा उतार तसाच असतो. टोकाचे प्रतल नळीशी अगदी काटकोनात ठेवले तर खालचे टोक छातीत रुतते. दोन-तीन अंशांचा कल पुरतो. टोकाला मऊ रबराची जाड गादी लावावी, पितळी किंवा शिंगाच्या पट्टीच्या मोहात पडू नये.

आता मनगटाकडे येतो, म्हणजे चापामागच्या त्या बारीक भागाकडे, जिथे पंजा पकड घेतो. संपूर्ण दस्त्यात सर्वांत नाजूक जागा हीच आहे आणि लाकूड निवडताना पहिली नजर इथे पडली पाहिजे. लाकडाच्या रेषा मनगटाच्या लांबीला समांतर गेल्या पाहिजेत. सुंदर नागमोडी रेषा दस्त्याच्या मागच्या रुंद भागात खुशाल असाव्यात, पण मनगटातून त्या आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच मोडतो. माझ्या तिसऱ्या की चौथ्या दस्त्याची गोष्ट सांगतो. लाकूड इतके देखणे होते की मी रेषांकडे काणाडोळा केला, आणि वर एक घोडचूकही केली. यंत्रणेची, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाची, मागची निमुळती शेपटी मी लाकडात अगदी केसभरही फट न ठेवता बसवली होती. पाहणारे वाहवा करत होते. सत्तराव्या की ऐंशीव्या बाराला शेपटीच्या मागे एक बारीक काळी रेघ दिसली. मला ती आधी तेलाचा डाग वाटली. नख फिरवले तेव्हा नख अडकले. धक्का ज्या ठिकाणी लाकडाने घ्यायचा तिथे न घेता शेपटीने पाचरीसारखा मनगटात ठोकला होता.

धक्का घेण्याची जागा म्हणजे यंत्रणेच्या पुढच्या भागाखाली असलेला लोखंडी चौकोनी कान, ज्याला रिकॉइल लग म्हणतात. त्याची फक्त मागची बाजू लाकडाला पूर्ण भिडली पाहिजे. पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना किंचित मोकळीक हवी. शेपटीच्या मागे अर्धा मिलिमीटर फट ठेवावी, ती दिसली तरी चालेल. खाचा कोरताना आम्ही लोखंडाला काजळ आणि तेलाचा पातळ लेप लावतो, ते लाकडात दाबून उचलतो आणि जिथे काळे ठसे उमटले तेवढेच पटाशीने खरवडतो. हे शंभर-दीडशे वेळा करावे लागते. घाईच्या माणसाने या कामात पडू नये. शेवटी लगच्या मागे आणि यंत्रणेच्या बैठकीत इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या कृत्रिम राळेचा, थर द्यावा आणि दोन्ही स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवाव्यात, म्हणजे स्क्रू आवळताना लाकूड चेपत नाही. काही जुने कारागीर इपॉक्सीला कमीपणा मानतात. मी मानत नाही, आणि त्यामागे इथले हवामान आहे.

ख्राइस्टचर्चला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर होकिटिकाला गेलात तर २,९०० च्या आसपास. कोकणातल्या माणसाला त्याचे नवल नाही, पण कोकणात तो चार महिन्यांत पडून जातो, इथे तो वर्षभर ठिबकत असतो. शिकारी शुक्रवारी कोरड्या घरातून निघतो आणि शनिवारी बीच नावाच्या झाडांच्या भिजलेल्या जंगलात असतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते, आणि तेही वर्तुळांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. दस्त्याचा पुढचा भाग फुगून एका बाजूने नळीला टेकला की गोळ्यांची जागा सरकते. म्हणून नळी आणि लाकूड यांत सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि पाठपिशवीवर रायफल टेकवून, वरून भार देऊनही दुहेरी घडीची नोट त्या फटीतून अडथळ्याविना सरकते का ते पाहावे. पुढच्या भागाचे पोट गोल न ठेवता थोडे सपाट ठेवावे, कारण इथे दरीपलीकडच्या हरणावर नेम बहुतेक वेळा पिशवीवर टेकवूनच धरला जातो आणि गोल पोट तिच्यावर डुलते.

लाकडाबद्दल माझी पसंती साध्या अक्रोडालाच आहे, म्हणजे काश्मीरमध्ये ज्यावर नक्षीकाम होते तेच झाड. कँटरबरीतही ते चांगले वाढते आणि जुन्या शेतघरांच्या आवारातली पडलेली झाडे कधीकधी मिळतात. ते वजनाला मध्यम असते, पटाशीला ऐकते, धक्का सोसते आणि एकदा नीट वाळले की फारसे वाकत नाही. फळी हवेवर वाळवायची तर जाडीच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. मी त्यावर न थांबता दर महिन्याला फळीचे वजन करतो आणि सलग तीन-चार महिने ते हलले नाही तरच तिला हात लावतो.

वडिलांच्या शिसवाच्या फळीचा प्रश्न भावनेचा आहे हे मी जाणतो, तरीही माझे उत्तर नकाराचे आहे. शिसव अक्रोडापेक्षा सुमारे तीस टक्के जड असते, म्हणून एक किलोचा दस्ता सव्वा किलोच्या पुढे जाईल. त्याच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही, आणि त्याच्या भुशाने अनेकांच्या कातडीला खाज व चट्टे उठतात. शिवाय शिसव ज्या डाल्बर्जिया नावाच्या वनस्पतिवंशातले आहे तो सगळा २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधित यादीत आहे, आणि इथे बाहेरून येणाऱ्या लाकडाची सीमेवर तपासणी होते. परवानगीची चौकशी न करता फळी सामानात टाकून आणू नये. ती गावीच ठेवून तिचा पाट किंवा देव्हारा करवून घ्यावा. सागाबद्दलही कोणी विचारते, म्हणून सांगतो: साग दारे-खिडक्यांना उत्तम आहे, पण तो रेषेत सहज चिरतो आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे हत्यारांची धार तासाभरात जाते.

वर-खाली होणाऱ्या गालपट्टीचा प्रश्न मला आवडला, कारण कोल्हापूरचा माणूस तो विचारणारच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले; दोघेही कोल्हापूरचे. त्या खेळात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांमध्ये नेम धरायचा असतो, प्रत्येक अवस्थेसाठी गालपट्टी आणि टोकपट्टी वेगळी जुळवायला सवड असते आणि .२२ च्या रायफलीला धक्का जवळपास नसतो. डोंगरात तिन्ही अवस्था येतात, पण सवड एकदाही येत नाही. हरीण दिसल्यावर चावी फिरवणारा शिकारी मी पाहिलेला नाही. त्यात त्या सळ्या आणि स्क्रू यांनी दोनशे-तीनशे ग्रॅम वजन वाढते, झुडपात ते अडकतात, चिखलाने जाम होतात आणि नेमक्या शांत क्षणी किणकिणतात. म्हणून तिन्ही अवस्थांचा मध्य काढून एकच काठ पक्का करावा. तो मध्य कोणत्याही एका अवस्थेला शंभर टक्के बरोबर नसेल, तरी तिन्हींत डोळा दुर्बिणीमागे येईल. आपण दोघे-तिघे मिळून एकच रायफल वापरणार असाल तर मात्र माझे मत बदलेल.

पकडीसाठी मनगटाचा घेर १२० मिलिमीटरच्या आसपास ठेवतो, आपला पंजा लहान असेल तर थोडा कमी. पकडीचा बाक उभा नसून पसरट असावा, म्हणजे हातमोजा घातलेला हातही सहज बसतो आणि बोटाचे पेर चापावर सरळ पडते. चौकडीची नक्षी ओल्या हाताला खरोखर उपयोगी पडते, पण ती फार बारीक काढू नये. इंचाला अठरा-वीस रेघा पुष्कळ झाल्या. पट्ट्याची मागची कडी खालच्या टोकापासून ६५ ते ७५ मिलिमीटर पुढे असावी. पुढच्या टोकाला काळ्या लाकडाचा तुकडा जोडण्याची फॅशन आहे. तो जोड मी आग्रहाशिवाय करत नाही.

शेवटचा हात तेलाचा. उकळलेले जवसाचे तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाण्याच्या ओल्या फडक्याने लाकडाचे रोम उठवून ते बारीक पॉलिश पेपरने काढावेत, असे दोनदा करावे आणि मग तेलाचे अगदी पातळ दहा-बारा हात द्यावेत, दोन हातांमध्ये किमान एक दिवस सोडून. चकाकणारे पॉलिश ऊन परावर्तित करते आणि ओरखडा पडला की दुरुस्त होत नाही. तेलाच्या दस्त्यावरचा ओरखडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नाहीसा करता येतो. जवसाचे तेल पाण्याची वाफ पूर्णपणे अडवत नाही, म्हणून नळीची खोबण, रबरी गादीखालचे उघडे टोक आणि स्क्रूंची भोके, जिथे रेषांची तोंडे उघडी असतात, तिथे इपॉक्सीचा पातळ थर देऊन ती बंद करावीत. बाहेरून आरशासारखे आणि गादीखाली कोरे असे दस्ते माझ्याकडे फुगून परत आलेले आहेत. तेलाचे फडके गोळा करून कधीही कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि चोळामोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. मी ते पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतो.

आपण पुठ्ठ्याचा प्रयोग करून आलात तर येताना तो पुठ्ठा काढू नये, चिकटपट्टीसकट तसाच आणावा. जॅकेट, हातमोजे आणि पाठपिशवीही बरोबर असू द्यावी, आणि वाटेत रायफलीचा बोल्ट वेगळा ठेवावा.